२००९ ची जिप्सी स्पितीसाठी तयार करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे २००९ ची मारुती जिप्सी आहे. कापडी टपाची, १.३ लिटर एमपीएफआय (कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा) पेट्रोल इंजिनची. सासऱ्यांनी हौसेनं नवी घेतली होती, आता मीच चालवते. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत पासिंग करून आरसीचं नूतनीकरण केलंय, त्यामुळे कागदपत्रं चोख आहेत. आजवर बामणोली, तापोळा, कोयनेचा काठ, कधी घाट उतरून कोकण, एवढंच फिरलो. ओळखीच्या कुणाच्या शेतात विचारून तंबू लावायचा, सकाळी निघायचं, असं आमचं कॅम्पिंग.

येत्या मे महिन्यात मी, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा असे तिघं साताऱ्याहून स्पितीला जाणार आहोत. मनालीच्या रस्त्यावरची कुंझुम खिंड तोवर बहुधा उघडलेली नसते, म्हणून मनालीचा विचार सोडून दिलाय. शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा आणि त्याच रस्त्यानं परत. सांगला, कल्पा, नाको, ताबो असं थांबत थांबत गेलं तर उंचीची सवय होत जाते, हाही त्यात फायदा. जमेल तिथे तंबूत राहायचं, नाहीतर गावातल्या होमस्टेत.

गाडीवर खर्च करायला दीड लाख रुपये बाजूला काढलेत. व्हिडिओत जे दिसतं, म्हणजे टपावरचा तंबू, फ्रिज, बाजूचा मांडव, ओट्यासारखे खण, पुढे मोठे दिवे, ते सगळं दीड लाखात बसणार नाही. आणि बसलं तरी जिप्सीनं ते का वाहावं, हा माझा खरा प्रश्न आहे. गाडीचं स्वतःचं वजन जेमतेम एक टन. तिची सगळी ताकद तिच्या हलकेपणात आहे. लांबलचक जड गाड्या अडकतात तिथून ती निघते ती त्यामुळेच. म्हणून काय बसवू यापेक्षा काय बसवू नको, हे जाणकारांकडून ऐकायचंय.

गाडीची आजची स्थिती सांगते. इंजिन चांगलं आहे, तेल खात नाही. फोर बाय फोर आणि लो रेशो (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) दोन्ही लागतात. ताशी ६०-६५ च्या वेगात रस्त्यावरचा सांधा किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, वेग कमी केला की थांबतं. व्हील बॅलन्सिंग करून झालं, फरक नाही. एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग डॅम्पर (थडथड शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बसवा म्हणजे जाईल असं सांगितलं, पण मला ते पटलेलं नाही. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत. सामान भरलं की गाडी मागून झुकते. मध्यंतरी एका गॅरेजमध्ये गरम होण्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, तेव्हापासून रेडिएटरमध्ये साधं पाणीच आहे. वायरिंगला म्युझिक सिस्टिमवाल्यांनी जागोजागी जोड मारलेत.

सर्वांत जास्त काळजी मागच्या बाकड्यांची वाटते. आमच्या गाडीत मागे समोरासमोर दोन आडवी बाकं आहेत, पट्टे नाहीत. मुलगा तिथे बसणार आणि शेजारी सामान. गावात चालून जातं, पण इतक्या लांब, हायवेवर आणि त्या कड्यांच्या रस्त्यांवर? यावर कुणी काही केलं असेल तर सविस्तर सांगा.

टायर सध्या कंपनीच्या मापाचे, २०५/७० आर १५, पण जुने झालेत. बदलताना २३५/७५ घ्या असं बरेच जण म्हणतात. घ्यावेत का?

प्रतिसाद

ताई, मी कोल्हापुरात याच गाड्यांचं काम करतो. डॅम्परला नाही म्हणालात ते योग्य केलंत. डॅम्परनं थडथड दबते, कारण तसंच राहतं आणि आतल्या आत वाढत जातं. जिप्सीत हे बहुतेक वेळा किंगपिन बेअरिंगचं (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्याचं) दुखणं असतं. घरीच तपासा. पुढचं एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. बेअरिंग बदलताना शिम (पातळ चकत्या) लावून ताण नीट जुळवावा लागतो. नुसतं नवं ठोकून बसवणारा कारागीर नको. तेव्हाच नकल (चाक वळवणारा सांधा) उघडलेलं असेल, तर आत ग्रीस आहे की पातळ तेल ते बघा. पातळ तेल असेल तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय. टायरॉड एंडही (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे) त्याच वेळी उरकून घ्या.

थर्मोस्टॅट परत बसवा, ही विनंती समजा. तो काढल्यावर गाडी गरम होत नाही हा आपल्याकडचा जुना समज आहे. गाडी तापते ती बहुतेक गाळानं भरलेल्या रेडिएटरमुळे, थकलेल्या वॉटर पंपामुळे नाहीतर टोपणाचं रबर गेल्यामुळे. मेमध्ये तुम्ही गुजरात-राजस्थानातून ४५ अंशांत जाणार आणि चारच दिवसांनी रात्री पारा शून्याच्या खाली असेल अशा जागी तीच गाडी उभी करणार. साधं पाणी दोन्हीकडे धोक्याचं. वर गोठलं तर ब्लॉकच फुटू शकतो. रेडिएटर उघडून साफ करा, सगळे होज पाइप नवे घाला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तेवढ्या मिश्रणाला उणे ३५ पर्यंत भीती नाही.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. उतरताना गिअरवर उतरायचं हे तुम्हाला सांगायला नको.

पाट्यांचं काम मात्र आत्ता करू नका. आधी सगळं सामान भरा, तिघं बसा, टाकी फुल्ल करा आणि उसाच्या गाड्यांचा वजनकाटा आहे तिथे जा. आधी पुढची चाकं काट्यावर घ्या, मग मागची, मग पूर्ण गाडी. ते आकडे घेऊन पाटेवाल्याकडे जा. मागच्या पाट्यांना नुसती पुन्हा कमान मारून भागतंय की नवे लागतात ते तेव्हा कळेल. एक जास्तीचा पाटा घालून देणारे खूप आहेत. रिकाम्या गाडीत मग कंबर मोडते आणि चाक खड्ड्यात टेकायचं सोडून उड्या मारतं.

प्रतिसाद

बाकड्यांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. माझ्या मते दीड लाखातला पहिला रुपया तिथेच जावा. आडव्या बाकावर अचानक ब्रेक लागला की माणूस बाजूला फेकला जातो आणि शेजारची पेटी त्याच्यावर येते. मी माझ्या जिप्सीत दोन्ही बाकं काढून समोर तोंड असलेली एकच सीट बसवली, तीन ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्यासह. सीट आणि पट्ट्याचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ देऊ नका. खालून जाड पोलादी पट्टी देऊन घ्यायचे. खांद्यावरच्या पट्ट्याला कापडी टपाच्या गाडीत वर आधार नसतो, त्यासाठी मागे आडवा पाइप असलेली चौकट लागते. ती नीट वेल्डिंग करणाऱ्याकडूनच करून घ्या. बसणाऱ्यांची संख्या बदलते, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून आरसीवर नोंद करून घ्या. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. विमा कंपनीलाही कळवा. पुढे लोखंडी बुलबार लावायचा मनात असेल तर तो २०१७ पासूनच बंद आहे.

सीटच्या मागे पोलादी जाळी लावा. सामान जाळीमागे, जड वस्तू तळाशी आणि सीटला चिकटून, प्रत्येक पेटी पट्ट्यानं बांधलेली. यातच तुमच्या टपावरच्या तंबूचंही उत्तर आलं. कापडी टपावर तो बसतच नाही, आणि चौकट करून बसवला तरी ५०-६० किलो डोक्यावर घेऊन ही अरुंद गाडी वळणात नेणं मला तरी मान्य नाही. जमिनीवरचा बुटका, वाऱ्याला तोंड देणारा तंबू घ्या. स्पितीत दुपारनंतर वारा सुटतो आणि जमीन दगडाळ असते. ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, लोखंडी न्या आणि दोर दगडांना बांधायची सवय आत्ताच करा.

प्रतिसाद

स्पितीला आम्ही जाऊन आलोय, म्हणून तिकडचं थोडं.

शेगडी नेणार असाल तर साध्या ब्युटेनच्या छोट्या डब्यांवर भिस्त ठेवू नका. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं, काझाच्या वरच्या लांगझा गावी पहाटे चहा होणार नाही. प्रोपेन मिसळलेले डबे मिळतात ते घ्या, नाहीतर पाच किलोचं छोटं सिलिंडर. तंबूत शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फ्रिज नको. तिथे तुम्ही वस्तू गार ठेवायला नाही, उबदार ठेवायला धडपडाल. फ्रिज यादीतून गेला की दुसरी बॅटरी गेली, तिचं चार्जिंग गेलं, वायरिंगचा निम्मा खर्च गेला. फोन आणि एक दिवा चालत्या गाडीवर चार्ज होतात. म्युझिक सिस्टिमचे जोड मात्र सगळे काढून टाका आणि जी नवी वायर ओढाल तिला बॅटरीजवळ फ्यूज द्या.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. टाकी ४० लिटरची. लिटरला नऊ किलोमीटर धरले तरी साडेतीनशे होतात. रिकाँगपिओच्या खाली पोवारीला टाकी भरा, काझा तिथून साधारण २०० किलोमीटर, आणि काझात पंप आहे. टपावर भरलेले कॅन बांधून मिरवायची गरज नाही.

साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ५७ टक्के उरतो. एमपीएफआय असल्यानं इंजिन धूर ओकणार नाही, पण ताकदही त्याच प्रमाणात कमी होणार. म्हणून २३५/७५ चे टायर नको म्हणेन. कंपनीच्या मापापेक्षा ते व्यासानं जवळपास दहा टक्के मोठे. म्हणजे जिथे ताकद आधीच कमी तिथे गिअरही लांब करून घेतल्यासारखं, शिवाय पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हात भरून येतील ते वेगळंच. २०५/७० किंवा फार तर २१५/७५, ऑल टेरेन जातीचे घ्या. चांगला हवेचा पंप आणि प्रेशर गेज घ्या. खडीच्या रस्त्यावर हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की जिप्सी वेगळीच गाडी होते. डांबरावर आल्यावर परत भरायची, आणि फोर बाय फोरही काढायचा.

आणखी एक. दिल्ली आणि एनसीआरमध्ये (दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रात) १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, नियम सारखे बदलत असतात. एनसीआर दिल्लीपुरतं नाही. अलवर, रोहतक, भिवानी, कर्नाल हे सगळे जिल्हे त्यात येतात. अहमदाबादहून सांचोर, बिकानेर, हनुमानगड असा नवा एक्स्प्रेसवे धरा, पुढे भटिंडा, पतियाळा, चंदीगड. एनसीआरला शिवतही नाही.

प्रतिसाद

गाडी ट्रकवर चढवून चंदीगडला पाठवा आणि तुम्ही रेल्वेनं जा. मेमध्ये एसी नसलेल्या गाडीतून मुलाला राजस्थान पार करायला लावू नका.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. काल चाक उचलून बघितलं. ब्रेक दाबल्यावरही खेळ तसाच आहे, डावीकडे जास्त. म्हणजे किंगपिनच. कोल्हापूरच्या दादा, फेब्रुवारीत गाडी तुमच्याकडे आणली तर चालेल का? कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता आमचा क्रम असा ठरतोय: सीट आणि पट्टा, किंगपिन, ब्रेक, कूलिंग, मग टायर, वजनकाट्यानंतर पाटे. फ्रिज, टपावरचा तंबू आणि जास्तीचे दिवे यादीतून गेले. ट्रकनं पाठवण्याचा पर्याय घरात मांडलाय. मुलाचं म्हणणं गाडी आपणच चालवत न्यायची. माझं मत ट्रकच्या बाजूनं झुकतंय, कारण तिथे पोहोचेपर्यंत आम्ही दमलेलो नको.

एक प्रश्न राहिला. सुटे भाग काय बरोबर ठेवावेत? वजन डोक्यात ठेवूनच सांगा.

प्रतिसाद

ताई, फेब्रुवारीत जरूर आणा, व्यनि केलाय. सुट्या भागांत फॅन बेल्ट, वरचा आणि खालचा होज, क्लच केबल, एक फ्युएल पंप रिले, फ्यूज, प्लगचा सेट, व्हील बेअरिंगचा एक जोड, ब्रेक ऑइलची लहान बाटली, ट्यूबलेस पंक्चरचा किट, तार आणि इन्सुलेशन टेप. जुने काढलेले बेल्ट-होज चांगले असतील तर तेच ठेवा, नवे गाडीत घाला. हे सगळं मिळून पाच-सहा किलोच्या वर जात नाही. स्टेपनी मात्र त्याच मापाची, नव्या चार टायरांसोबत पाचवाही घ्या.