कौतुकाला जोडलेली अट

अल्पसंख्य समाजातील खेळाडूचे माध्यमे भरभरून कौतुक करीत असतील, तर भेदभावाची तक्रार कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते मुळात तपासायला हवे ते हे कौतुकच. मार्च २००५ मध्ये अब्बास सुआन या इस्रायलमधील अरब फुटबॉलपटूने आयर्लंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल करून इस्रायलला बरोबरी साधून दिली आणि तो ज्यू-अरब सहजीवनाचे प्रतीक ठरला. त्याच सुआनविरुद्ध बेइतार जेरुसलेम क्लबच्या चाहत्यांनी, तो आपला प्रतिनिधी नाही, असे सांगणारा फलक झळकावला. प्रतीक झालेल्या माणसाला स्वतःचे राजकीय मत मांडण्याची मुभा फारशी उरत नाही. तुर्की वंशाचा जर्मन फुटबॉलपटू मेसुत ओझिल याने २०१८ मध्ये जर्मन संघ सोडताना हेच दुखणे मांडले होते: जिंकलो की जर्मन, हरलो की स्थलांतरित.

आपल्याकडे २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमी यांना समाजमाध्यमांवर धर्मावरून जे ऐकावे लागले, ते याहून वेगळे नव्हते.

आमच्या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी धावपटू कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे बिरुद आणि पाड्यावरील हलाखी यांविषयी मी पुष्कळ वाचले. त्यांच्या सरावाविषयी व शर्यतीतील डावपेचांविषयी मात्र फारच थोडे वाचायला मिळाले, आणि याची मला मनापासून खंत वाटते. वार्ताहराने खेळाडूच्या समाजाविषयी जरूर लिहावे, पण आधी तिच्या खेळाविषयी नीट लिहावे.