ताण आणि खिन्नता असलेल्या विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती खरोखर कमी होते का?

कस्तुरी
पदव्युत्तर मानसशास्त्राच्या लघुप्रकल्पासाठी मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताण, खिन्न मनःस्थिती आणि स्मृती यांचा संबंध तपासत आहे. प्रत्येकाकडून ताणाची प्रश्नावली, मागील दोन आठवड्यांतील खिन्नता मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आणि रोजच्या विसराळूपणाची प्रश्नावली भरून घेतली; शिवाय ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगण्याची चाचणी घेतली. ज्यांचे ताणाचे आणि खिन्नतेचे गुण जास्त आहेत, त्यांनी विसराळूपणाच्या तक्रारीही जास्त नोंदवल्या. अंकांच्या चाचणीत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसत नाही. अशा वेळी ‘ताणामुळे स्मरणशक्ती घटते’ असा निष्कर्ष लिहिता येईल का, की ही चाचणीच या प्रश्नाला अपुरी आहे?

विचक्षण
तसा निष्कर्ष लिहू नये. विसरल्याची तक्रार आणि प्रत्यक्ष विसरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. खिन्न मनःस्थितीतील व्यक्ती स्वतःच्या चुका अधिक बारकाईने मोजते आणि अधिक काळ मनात ठेवते, त्यामुळे तीच व्यक्ती जेव्हा दोन्ही प्रश्नावल्या भरते तेव्हा दोन्हींवर एकाच मनःस्थितीची छाया पडते. त्यात आणखी एक अडचण अशी की पीएचक्यू-९ मधील सातवा प्रश्न एकाग्रता न होण्याविषयीच आहे, म्हणजे विसराळूपणाचा काही अंश आपण खिन्नतेच्या गुणांत आधीच मिळवलेला आहे. तो प्रश्न वगळून सहसंबंध पुन्हा काढून पाहा. तो बराच उतरला, तर त्याचा उल्लेख अहवालात करावाच लागेल. शिवाय सर्व मोजमापे एकाच वेळी घेतलेली असल्याने, अभ्यास लक्षात राहत नाही म्हणून ताण आला की ताणामुळे लक्षात राहत नाही, हे या माहितीवरून ठरणार नाही.

अभ्यासिका
माझ्या मते चाचणीच्या निवडीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. उलट अंक सांगताना काही सेकंदांपुरतेच लक्षात ठेवावे लागते. विद्यार्थी ज्या विसरण्याविषयी बोलतात, ते मात्र काल वाचलेले आज न आठवण्याविषयी असते. नोंदवणे, टिकवणे आणि आठवणे या तीन टप्प्यांवर ताणाचा परिणाम सारखा होत नाही. डी क्वेर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शिकलेली जागा शोधण्याच्या ३० मिनिटे आधी सौम्य विजेचा धक्का दिलेले उंदीर ती जागा शोधण्यात मागे पडले. हाच धक्का २ मिनिटे किंवा ४ तास आधी दिल्यावर तसे झाले नाही. पुढे २००० साली त्यांनी माणसांना कॉर्टिसोन (ज्यापासून शरीरात ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल बनते ते औषध) देऊन पाहिले, तेव्हा आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी घेतलेल्या गोळीने आठवणे मंदावले, पण शिकण्यापूर्वी किंवा शिकल्यानंतर लगेच घेतलेल्या गोळीने मंदावले नाही. परीक्षागृहात कोरी झालेली पाटी बाहेर पडताच पुन्हा भरते, त्यामागे बहुधा हेच असावे. म्हणून शब्दांची यादी देऊन दुसऱ्या दिवशी विचारणे आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे ठरेल.

मंदार
वरील दोन्ही उत्तरांत ताण आणि खिन्नता यांना जवळजवळ एकच धरले गेले आहे, ते मला पटत नाही. खिन्नतेतील स्मृतीचे वैशिष्ट्य निराळे असते. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांच्या १९८६ च्या अभ्यासापासून हे वारंवार दिसले आहे की एखादा शब्द देऊन त्यावरून विशिष्ट प्रसंग आठवायला सांगितले, तर खिन्न व्यक्ती ‘त्या दिवशी अमुक घडले’ असे न सांगता ‘सुट्टीत मला बरे वाटायचे’ अशा सर्वसाधारण आठवणीवर थांबतात. अंक कितीही विचारले तरी हे पकडता येणार नाही.

फरक न दिसण्याचेही कारण शोधण्यासारखे आहे. हर्टेल आणि रूड यांनी १९९१ साली दाखवले की काम असे बांधून दिले की लक्ष अन्यत्र जाण्यास वाव उरत नाही, तेव्हा खिन्न व्यक्तींच्या स्मृतीतील उणीव दिसेनाशी होते. आपल्या चाचणीत समोर बसलेली परीक्षक अंक वाचत आहे, उत्तर लगेच द्यायचे आहे. मनात त्याच त्या विचारांचे चक्र सुरू होण्यास अवकाशच नाही. एकट्याने पुस्तक उघडून बसल्यावर तो भरपूर असतो. क्षमता शाबूत आहे, पण स्वतःहून ती कामाला लावणे जमत नाही, असा आपल्या निकालाचा एक अर्थ होऊ शकतो, आणि मला तो ‘फरक आढळला नाही’ या वाक्यापेक्षा पुष्कळ रंजक वाटतो.

कस्तुरी
सर्वांचे आभार. सातवा प्रश्न वगळून गणना आजच करते. विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावून यादीची चाचणी घेणे मात्र आता शक्य नाही. मग मंदार यांनी सांगितलेला अर्थ निष्कर्ष म्हणून मांडता येईल का?

विचक्षण
निष्कर्ष म्हणून नको, चर्चेच्या भागात संभाव्य स्पष्टीकरण म्हणून मांडा. निष्कर्षात ‘ताण व खिन्नता यांचा संबंध स्वतः नोंदवलेल्या विसराळूपणाशी आढळला, अल्पकाळ अंक लक्षात ठेवण्याच्या कामगिरीशी आढळला नाही’ एवढेच लिहिणे सुरक्षित आहे. विषयाला सोडून नसलेली एक गोष्ट मात्र तातडीची आहे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला ‘अजिबात नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर कुणी दिले असेल, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी ती प्रश्नावली गठ्ठ्यात पडून राहता कामा नये. नावे घेतली असतील तर मार्गदर्शकांशी आणि महाविद्यालयाच्या समुपदेशकांशी गणनेच्या आधी बोला. घेतली नसतील तर सहभागी झालेल्या सर्वांनाच समुपदेशनाची माहिती आजच पाठवा.