शब्दचर्चा : ‘टोळी’, ‘जमात’, ‘वंश’ आणि रवांडा

आफ्रिकेतील रवांडात १९९४ साली हुतू कट्टरपंथीयांनी लाखो तुत्सींना ठार मारले. त्या हत्यासत्राविषयी मराठीत लिहिताना हुतू आणि तुत्सी यांना कधी ‘टोळ्या’, कधी ‘जमाती’, तर कधी ‘वंश’ म्हटले जाते. हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, पण प्रत्येक शब्दाबरोबर त्या संहाराचे एक वेगळे कारण वाचकाच्या मनात रुजते, आणि म्हणून निवड जपून व्हावी असे मला वाटते.

‘टोळी’ येथे सर्वस्वी त्याज्य आहे. दरोडेखोरांची टोळी असते, मुकादमाबरोबर ऊसतोडीला निघालेल्या मजुरांचीही टोळी असते. म्हणजे एखाद्या कामापुरता जमलेला जथा. लाखोंच्या समाजाला हा शब्द लावला की, हे लोक पूर्वापार एकमेकांशी लढतच आले आहेत, बाहेरच्यांनी मध्ये पडून उपयोग नाही, असा ग्रह होतो. त्या काळी अनेक राजधान्यांत हाच ग्रह होता. संहार सुरू असतानाच, २१ एप्रिल १९९४ रोजी, सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांचे शांतिसैन्य २७० वर आणण्याचा ठराव केला. त्या शांतिसैन्यातील दहा बेल्जियन सैनिकांची हत्या हे त्यामागचे तात्कालिक कारण होते हे खरे, परंतु ‘जुने वैर’ या स्पष्टीकरणाने माघार घेणे सोपे केले, हेही तितकेच खरे आहे.

‘जमात’ त्या मानाने सौम्य आहे. पण ‘अनुसूचित जमाती’मुळे तिला आपल्याकडे जो अर्थ चिकटला आहे, तो शतकानुशतके राजदरबार असलेल्या या देशाला लागू पडत नाही.

खरी अडचण ‘वंश’ या शब्दाची आहे. हुतू, तुत्सी आणि त्वा हा तेथील तिसरा, छोटा समाज, असे तिघेही किन्यारवांडा भाषा बोलतात, त्याच डोंगरांवर शेजारी राहतात, आणि तेथील एकाच कुळात या तिन्ही समाजांचे लोक आढळतात. गुरे आणि दरबारातील सत्ता यांच्याशी तुत्सीपण जोडलेले होते. वैभव आलेला हुतू क्वचित तुत्सी गणला जाई, आणि त्यासाठी ‘क्विहुतुरा’ असा शब्दही होता. युरोपीय अभ्यासकांनी मात्र तुत्सी हे उत्तरेकडून आलेले श्रेष्ठ वंशाचे लोक आहेत असा सिद्धान्त मांडला, नाकांची आणि उंचीची मापे घेतली, आणि १९३० च्या दशकात तेथे राज्य करणाऱ्या बेल्जियन प्रशासनाने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर ही नोंद कायम केली. मूळचा ‘प्रकार’ किंवा ‘कूळ’ या अर्थाचा ‘उब्वोको’ हा शब्द कार्डावरच्या त्या ओळीचे शीर्षक झाला. मुलाला बापाची नोंद मिळू लागली, म्हणजे सरकण्याची वाटच बुजली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यांवर हेच कार्ड मागून माणसे वेगळी काढली गेली. त्या काळच्या मानववंशशास्त्राचा या पापात मोठा वाटा आहे, आणि ते शब्दांचे जाळे उलगडून दाखवण्यातही पुढच्या पिढीतील मानवशास्त्रज्ञांचाच वाटा आहे.

हा प्रश्न न्यायालयातही आला. टांझानियातील अरुशा येथे रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी ताबा गावचा माजी नगरप्रमुख आकायेसू याला या संहाराबद्दल दोषी ठरवले, तेव्हा समान भाषा किंवा संस्कृती असलेला तो ‘एथ्निक’ समूह, अशी व्याख्या न्यायाधीशांपुढे होती. पण दोन्ही बाजूंची भाषा एकच! अखेर ओळखपत्रे आणि लोकांचे स्वतःविषयीचे उत्तर यांवरून तुत्सी हा स्वतंत्र समूह मानला गेला. समूह नेहमीच रक्तातून येत नाही, तो कागदातूनही तयार होतो, हे त्या निकालपत्रातून दिसते.

म्हणून मी ‘हुतू समाज’, ‘तुत्सी समाज’ असे लिहितो. ‘जेनोसाइड’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘वंशसंहार’ या शब्दात वसाहतकाळाचा सिद्धान्त नकळत मान्य होतो. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जेनोसाइडविरोधी करारात राष्ट्रीय आणि धार्मिक समूहही येतात, ते या शब्दातून निसटतात. त्यामुळे मला ‘जनसंहार’ अधिक योग्य वाटतो. जालियनवाला बागेसाठी रूढ असलेला ‘हत्याकांड’ हा शब्द सामूहिक हत्येसाठी ठेवावा, आणि एखादा समूह समूह म्हणून नष्ट करण्याच्या हेतूसाठी ‘जनसंहार’ राखावा. ‘हुतू-तुत्सी संघर्ष’ मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यात मारणारे आणि मारले गेलेले सारखेच ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१८ मध्ये ‘तुत्सींविरुद्धचा जनसंहार’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले आहे.