लिंकर स्क्रिप्ट सीसारखी लिहू नका

लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रामचा कोणता भाग चिपच्या मेमरीत कुठे ठेवायचा हे लिंकर या टूलला सांगणारी फाइल) अडलेल्या एकाने वर प्रश्न विचारलाय, त्यावर दुसऱ्याने म्हटलंय की ही स्क्रिप्ट म्हणजे सी भाषाच, सी येत असेल तर वेगळं शिकायची गरज नाही. मला हे पटत नाही, आणि नवीन मुलं इथेच अडकतात म्हणून लिहितोय.

मी रत्नागिरीत असतो, मिरकरवाड्याच्या बोटींवर बर्फात मासे ठेवतात तिथलं तापमान मोजायचं छोटं बोर्ड करत होतो, त्यावर एसटीएम३२ एफ१०३सी८ ही मायक्रोकंट्रोलर चिप, फ्लॅश ६४ केबी आणि रॅम २० केबी. स्क्रिप्टमध्ये स्टॅकचा (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेचा) हिशोब करताना दोन नावांमध्ये वजाबाकीचं चिन्ह स्पेस न देता टाकलं आणि एरर आली की असं सिम्बॉलच (पत्त्याला किंवा किमतीला दिलेलं नाव) नाही. दोन दिवस गेले त्यात! जीएनयू लिंकरमध्ये नावात हायफन, म्हणजे तेच वजाबाकीचं चिन्ह, चालतो, त्यामुळे स्पेस नसेल तर ते सगळं एकच नाव धरलं जातं. सीची सवय असलेल्या माणसाला हे दिसतच नाही हो.

तसंच सेक्शनच्या (प्रोग्रामच्या एका भागाच्या) नावानंतर कोलनच्या आधी स्पेस हवीच. सिम्बॉलला किंमत दिली की शेवटी सेमीकोलन हवा, पण मेमरी ब्लॉकमधल्या (जिथे फ्लॅश, रॅमचे पत्ते आणि आकार देतात) ओळींना नको. कॉमेंट फक्त स्लॅश-स्टारवाली, दोन स्लॅशची चालत नाही.

आणि तो एकटा टिंब, म्हणजे लोकेशन काउंटर (आत्ता मेमरीत कुठे आहोत ते धरणारा), तो आउटपुट सेक्शनच्या (तयार होणाऱ्या फाइलमधल्या सेक्शनच्या) आत त्या सेक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर सांगतो, पूर्ण पत्ता नाही, आणि आत असताना त्याला मागे नेता येत नाही. ज्याने प्रश्न विचारलाय त्याने आधी हेच तपासावं, त्याने सेक्शनच्या आत टिंबाला थेट रॅमचा पत्ता दिलेला दिसतोय.