चर्चा: आतड्यातील जिवाणूंच्या अभ्यासात चिपला उंदरांआधी स्थान द्यावे का?

प्रवाही: द्यावे, असे माझे मत आहे. चिप म्हणजे मानवी पेशी वाढवून केलेली आतड्याची छोटी प्रतिकृती. साध्या काचपात्रात पेशी आणि जिवाणू एकत्र ठेवले, तर अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होणारे ई. कोलायसारखे जिवाणू एक-दोन दिवसांतच पेशींचा फडशा पाडतात. २०१२ मध्ये हार्वर्डच्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने सिलिकोन रबराच्या चिपमधील सच्छिद्र पडद्यावर मानवी पेशींचा थर वाढवला, त्यावरून संथ द्रवप्रवाह सोडला आणि आतड्याच्या आकुंचनासारखा ताण पडद्याला दिला. तेव्हा लॅक्टोबॅसिलस या जिवाणूची एक जात आठवड्याहून अधिक काळ त्या पेशींसोबत नांदली. उंदरांचे म्हणाल, तर माणसाला हगवण लावणारा शिगेला हा जिवाणू तोंडावाटे दिल्यास त्यांना सहसा आजारीच पाडत नाही.

शंकासुर: त्या प्रयोगातील काको-२ पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या होत्या, हे आपण सांगितले नाही. २०१९ मध्ये ऑक्सिजनची पातळी नियंत्रित करून मानवी विष्ठेतील २०० हून अधिक प्रकारचे जिवाणू चिपवर टिकवले गेले, हे कौतुकास्पदच आहे. परंतु तो सहवास काही दिवसांचा होता आणि आतड्याचा जुनाट दाह वर्षानुवर्षे चालतो. यकृत आणि मज्जासंस्था त्या चिपमध्ये नाहीत. शिवाय हे सिलिकोन रबर अनेक स्निग्धविद्राव्य औषधे स्वतःच शोषून घेते, त्यामुळे पेशींपर्यंत नेमकी किती मात्रा पोहोचली, हाच प्रश्न उरतो.

प्रवाही: कर्करोगाच्या पेशींचा आक्षेप आता जुना झाला. २००९ पासून मूलपेशींपासून आतड्याचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे आतड्यासारखे सूक्ष्म गोळे, वाढवता येतात. २०२० मध्ये कोलिबॅक्टिन हे विष बनवणारे ई. कोलाय मानवी ऑर्गनॉइडमध्ये पाच महिने टोचल्यावर डीएनएत जो विशिष्ट बिघाड दिसला, तोच मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही आढळला.

शंकासुर: पण तेथे जिवाणू पुनःपुन्हा टोचावे लागले! म्हणजे सलग पाच महिन्यांचा सहवास घडलाच नाही. शिवाय तो प्रयोग चिपवरचा नव्हता.

मध्यमा: डिसेंबर २०२२ मधील अमेरिकी कायद्याने औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती काढली, बंदी मात्र घातली नाही. एखादा जिवाणू पेशींच्या थराला भेदतो का, एवढाच प्रश्न असेल, तर मी चिप निवडेन. मात्र जिवाणूंचा समूह माणसागणिक बदलत असल्याने एकाच दात्याच्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष मी मान्य करणार नाही.

शंकासुर: एवढ्या मर्यादेत माझी हरकत नाही. आतड्यावरील दुष्परिणाम रुग्णांत आधीच नोंदलेली औषधे, नावे झाकून, अनेक दात्यांच्या चिपवर तपासावीत. त्यांपैकी किती ओळखली जातात हे कळेपर्यंत उंदरांना मागे टाकण्यास माझा विरोध राहील.