उपासनेत हातात फोन, फोनात पवित्र शास्त्र : आपला अनुभव लिहा

गेल्या रविवारी आमच्या पुण्यातील चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी स्तोत्र 23 सर्वांनी मिळून वाचण्यास सांगितले, आणि पहिल्याच वचनाला आवाज दुभंगला. डावीकडच्या बाकांवरून ‘उणे पडणार नाही’ असे ऐकू आले, तर उजवीकडे बसलेल्या तरुण संघाकडून ‘उणीव भासणार नाही’ असे. तिसऱ्या वचनापर्यंत आम्ही इतके मागेपुढे झालो होतो की, ज्यांना स्तोत्र तोंडपाठ होते ते एकटेच पुढे निघून गेले आणि बाकीचे ओशाळून हळू आवाजात पुटपुटत राहिले. चूक कोणाचीच नव्हती. फोनवर मराठी पवित्र शास्त्राची एकच आवृत्ती नसते. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची जुनी सुधारित आवृत्ती, त्याच संस्थेची सोपी मराठी आवृत्ती, इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, मराठी समकालीन आवृत्ती असे पर्याय समोर येतात आणि ज्याने पहिल्या दिवशी ज्यावर बोट ठेवले, तीच त्याच्याकडे कायमची उघडते.

मी स्वतः बरीच वर्षे फोनवरच वाचतो, त्यामुळे ही तक्रार नव्हे. फोन चांगला की वाईट हा वाद प्रत्येक मंडळीच्या वार्षिक सभेत होऊन गेला आहे. तो येथे पुन्हा नको. आपल्या बाकावर प्रत्यक्ष काय घडले, तेवढेच लिहावे ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर

माझे वय 71 आहे. मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि लग्नात सासऱ्यांनी दिलेले बारीक टाइपाचे पवित्र शास्त्र मी सहा वर्षे केवळ मांडीवर घेऊन बसत होते. पान उघडायचे, कारण शेजारीण पाहते. वाचायचे मात्र काहीच नाही. नातीने टॅबवर अक्षरे मोठी करून दिली, तेव्हापासून मी पुन्हा वाचू लागले. तरी एका वेळी पडद्यावर चारपाच ओळीच मावतात, सतत बोटाने वर सरकवावे लागते, आणि आळीपाळीने वाचन असले की मी हमखास एक वचन मागे राहते.

महिला रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे आले तेव्हा वडील मंडळातील एका गृहस्थांनी हरकत घेतली की पुलपिटावर, म्हणजे उपदेशपीठावर, पुस्तकच असले पाहिजे. त्यांचे म्हणणे मला अगदीच अमान्य नव्हते. आमच्या लहानपणी पुलपिटावरच्या ग्रंथाला हात लावण्यापूर्वी आम्ही हात धुऊन येत असू. अखेर असे ठरले की ग्रंथ उघडा ठेवायचा आणि त्याच्यावर टॅब ठेवायचा. देखावा पुस्तकाचा आणि अक्षरे टॅबची! मी रूथचा पहिला अध्याय वाचला. उपासनेनंतर हरकत घेणारे ते गृहस्थ माझ्या नातीला बाजूला घेऊन विचारत होते की असा टॅब साधारण केवढ्याला पडतो.

मिस्सातील वाचक, वसई

आम्हां कॅथलिकांकडे प्रश्न थोडा निराळा आहे. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान हे सर्व वाचनांच्या ग्रंथातून मोठ्याने वाचले जाते, आणि बाकावर बसलेल्यांनी ते कान देऊन ऐकावे अशी अपेक्षा असते. पान उघडून मागोमाग वाचण्याची सवय आमच्या वडीलधाऱ्यांना नव्हतीच. न्यूझीलंडच्या बिशपांनी 2012 साली वेदीवर मिस्साग्रंथाऐवजी आयपॅड वापरू नये असे स्पष्ट सांगितले होते. नोव्हेंबर 2017 मध्ये पोप फ्रान्सिस म्हणाले की, याजक ‘अंतःकरणे वर करा’ असे सांगतो, ‘फोन वर करा’ असे नव्हे. त्यांचा रोख मिस्सात छायाचित्रे काढणाऱ्यांवर होता, वाचणाऱ्यांवर नव्हे, परंतु आमच्याकडे ते वाक्य पुढे कित्येक महिने सर्वच फोनधारकांना ऐकवले गेले.

एक अडचण मात्र कोणी बोलत नाही. आमच्या शास्त्रात 73 पुस्तके आहेत. मी फोनवर उतरवून घेतलेल्या मराठी आवृत्तीत 66 आहेत. त्या जास्तीच्या पुस्तकांपैकी मक्काबींच्या पुस्तकातील वाचन होते त्या दिवशी माझ्या मागच्या बाकावरील दोन मुले शेवटपर्यंत यादी वरखाली करत राहिली आणि अखेरीस एकाने दुसऱ्याला सांगितले की वाचकाने नाव चुकीचे घेतले. घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे, पण तो ग्रंथ हातात घेऊन चर्चला जाणारे मी कोणी पाहिले नाही.

वाचकाच्या जागेवरून सांगायचे तर, पूर्वी माना वर असत. आता खाली असतात. त्यांपैकी कोण शास्त्रात आहे आणि कोण अन्यत्र, हे वरून मुळीच कळत नाही, आणि ते कळत नसल्यानेच वाचताना माझे लक्ष विचलित होते.

संगणक अभियंता, चिंचवड

वरील वाचकभगिनींचा संशय रास्त आहे, हे मी स्वतःच्या उदाहरणाने सांगतो. एका रविवारी मी कागदावर रेघा ओढून मोजले. सुमारे सत्तर मिनिटांच्या उपासनेत मी फोन 19 वेळा उघडला, आणि त्यांपैकी शास्त्रापर्यंत पोहोचलो 4 वेळाच. उरलेल्या 15 वेळांतील बहुतेक वेळा मी उघडला तो शास्त्रासाठीच. वाटेत कार्यालयाचा एखादा निरोप दिसला आणि मी तिकडे वळलो. प्रार्थना संपल्यावर माझे ‘आमेन’ सर्वांच्या नंतर एकट्याचे ऐकू आले, तेव्हा बायकोने पाहिले ते पाहणे मी विसरणार नाही. आता फाटकातच फोन विमान मोडवर टाकतो. वचने आधी उतरवून घेतलेली असल्याने काही अडत नाही.

पाळक, सोलापूर जिल्हा

माझ्याकडे चार गावे आहेत आणि एक दुचाकी. पूर्वी पिशवीत पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक, उपासनाविधीचे पुस्तक आणि उपदेशाची वही असे ओझे असे. पावसाळ्यात त्यातले एक तरी भिजे. टॅबमुळे हे ओझे गेले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

मे महिन्यात एका गावी उघड्या मांडवात सभा होती. कनातीच्या फटीतून ऊन थेट टॅबवर येत होते, त्यामुळे आधी अक्षरे दिसेनाशी झाली, आणि दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर उपकरण फार तापले आहे अशी सूचना येऊन पडदाच काळा झाला. उरलेला उपदेश आठवेल तसा केला. चाळीस मिनिटांचे काम वीस मिनिटांत संपले, आणि जेवणाच्या वेळी महिला मंडळाच्या भगिनींनी आजचा संदेश विशेष आशीर्वादाचा झाला असे आवर्जून सांगितले. यावरून काय समजायचे ते मी समजलो.

बाप्तिस्म्याच्या विधीसाठी मात्र मी पुस्तकच नेतो, आणि त्याचे कारण श्रद्धेचे नसून पाण्याचे आहे. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. बाळ रडत असते, आईवडील उभे असतात, आणि पुढचे वाक्य काही केल्या वर येत नाही. एकदा हा प्रसंग झाला, तेवढा पुरे आहे.

मंडळीच्या माजी सचिव, मुंबई

आमच्याकडे हा बदल तरुणांनी आणला नाही. तो कुलुपाने आणला. मार्च 2020 मध्ये चर्च बंद झाले, 16 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा सामायिक पुस्तकांना हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले. शास्त्राच्या व गीतांच्या प्रतींचे कपाट बंद केले आणि गीतांची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागलो. पुढे दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी दारे पुन्हा उघडली. यथावकाश कपाटही उघडले, पण हात मात्र तिकडे परतले नाहीत.

त्या काळातील एक गोष्ट मला आजही बोचते. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, अशी आठदहा माणसे, त्यांत आमच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईही होत्या, कित्येक महिने रिकाम्या हातांनी बसली. त्यांना वेगळी प्रत द्यावी, ती त्यांनी घरी न्यावी, एवढे साधे आम्हांला सुचले नाही. सूचना काढताना मी ‘सर्वांनी आपापल्या फोनवर पाहावे’ असे लिहिले होते; त्यातला ‘सर्वांनी’ हा शब्द माझाच.

वाचक, नागपूर

धाग्याच्या सुरुवातीच्या प्रसंगाबद्दल लिहितो. मराठीत शास्त्राची भाषांतरे अनेक असणे नवे नाही. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली मराठीत आले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. पण पूर्वी एका घरात एक प्रत असे आणि एका मंडळीत बहुधा एकच आवृत्ती. भेद कपाटात राही, बाकावर येत नसे.

फोनवर वाचण्याचा नाद मला फार लवकर लागला. यूव्हर्जनचे पवित्र शास्त्राचे अ‍ॅप जुलै 2008 मध्ये आले होते, पण माझ्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. पुढे अक्षरे आली तीही जोडाक्षरे फोडून आणि वेलांट्या भलतीकडे टाकून. ‘ख्रिस्त’ हा शब्द नीट दिसला त्या दिवशी मी शेजाऱ्याला फोन दाखवला होता. आता माझा दोष निराळा आहे: उपदेश चालू असताना मी एकच वचन चार आवृत्त्यांत पडताळत बसतो. घरी आल्यावर मुलगी विचारते, आज पाळकसाहेब काय म्हणाले, आणि मला फक्त वचन सांगता येते.

संडे स्कूलची शिक्षिका, मिरज

‘वचन शोधा’ ही स्पर्धा आम्ही फोनशिवायच घेतो. शोधचौकटीत शब्द टाकून वचन काढणाऱ्या मुलांना मीखा योनाच्या आधी येतो की नंतर हे माहीत नसते. मोठ्यांनी हसू नये. मागच्या वेळी पालकांचीही स्पर्धा घेतली होती.

नोकरीनिमित्त दुबईत, मूळ कोल्हापूर

आई तीन महिन्यांसाठी आली होती. येथे शुक्रवारची उपासना ही जुनी पद्धत होती. 2022 च्या जानेवारीत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी गेली, तेव्हापासून रविवारही सोयीचा झाला. उपासना इंग्रजीत. आईला इंग्रजी थोडेफार समजते, पण पुस्तकांची नावे तिला अडवत. उपदेशक ‘जेम्स’ म्हणाले की ती ‘ज’वरून सुरू होणारे पुस्तक शोधू लागे, आणि आपल्याकडे ते याकोबाचे पत्र आहे हे मी सांगेपर्यंत वाचन संपलेले असे. ‘ॲक्ट्स’ म्हणजे प्रेषितांची कृत्ये, हेही असेच.

मग एक युक्ती सापडली. शेजारी बसून मी इंग्रजीत तो अध्याय उघडायचो आणि नुसती आवृत्ती बदलायचो. तोच अध्याय, तेच वचन मराठीत समोर येई, आणि मग फोन तिच्या हातात द्यायचो. तिसऱ्या आठवड्यापासून ती स्वतःच करू लागली. चौथ्या आठवड्यात माझ्याच फोनवरचे पान चुकले होते, ते तिने दाखवून दिले.

ऊसतोड कामगारांमध्ये प्रार्थनासभा घेणारा, बीड जिल्हा

आमच्याकडे चर्च म्हणजे सहा महिने कोपीपुढची, म्हणजे झोपडीपुढची, मोकळी जागा. पहाटे थंडीत तोड सुरू होते, त्यामुळे सभा रात्रीच, आणि फडाजवळ वीज नसते. पुस्तक असले तरी वाचायला उजेड कोठून आणावा? फोनला स्वतःचाच उजेड असतो, हा त्याचा आमच्यासाठी पहिला गुण. गाव सोडण्यापूर्वी आम्ही शास्त्र पूर्ण उतरवून घेतो, कारण फडावर रेंज मिळेलच असे नाही. चार्जिंग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होते.

आमच्यातील निम्म्या माणसांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी शुभवर्तमान ऐकण्याची सोय फोनवर आहे. एकजण लावतो, बारा-पंधरा जण ऐकतात. येथे आवृत्तीचा घोळ होत नाही, कारण फोन एकच असतो.

चर्चची देखरेख करणारा सेवक, नाशिक

उपासना संपल्यावर बाके पुसण्याचे काम माझे आहे. पूर्वी विसरलेल्या पुस्तकांत चष्मे, दानार्पणाची पाकिटे, वाळलेली फुले सापडत. आता बाकाखाली चार्जर सापडतात. पुढच्या भिंतीवर दोनच प्लग आहेत. एक ध्वनिक्षेपकाचा आणि एक कीबोर्डचा. पाम रविवारी कोणीतरी फोन चार्जिंगला लावण्यासाठी कीबोर्डची पिन काढली आणि गीताच्या तिसऱ्या कडव्याला वाद्य बंद पडले. मंडळी तशीच गात राहिली, वादक मात्र दोन्ही हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहत होते. त्या प्लगवर आता मी चिकटपट्टी लावली आहे.