होई आनची सहल: ८९ हजारांत काय येतं आणि काय नाही

(बी विंगच्या सहल ग्रुपवरून)

कुलकर्णी काका, बी-५०३: मंडळी, एजंटचं पीडीएफ वर टाकलंय, बघून घ्या. व्हिएतनाम, होई आन आणि दा नांग, ६ रात्री ७ दिवस, माणशी ८९,०००. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख आहे. रविवारपर्यंत टोकन दिलं तर माणशी हजार सूट.

मोरे काका, बी-१०२: आमचे दोघे धरा 👍

नेहा, बी-२०४: काका, यात सगळं आलं का?

कुलकर्णी काका, बी-५०३: विमान, हॉटेल, नाश्ता, रात्रीचं इंडियन जेवण. दुपारचं आपलं आपण. व्हिसा, विमा, टिप, जीएसटी आणि टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) वेगळं.

नेहा, बी-२०४: म्हणजे लाख म्हणा की सरळ.

जोशी काकू, बी-३०१: टीसीएस परत मिळतो ना गं?

नेहा, बी-२०४: रिटर्न भरलं की करात वळता होतो काकू. पण आज खिशातून जातोच.

शुभांगी, बी-६०४: कुलकर्णी काका, टोकन अजून देऊ नका. पैशाचं नंतर बघू, आधी तारीख. दिवाळीत होई आन म्हणजे ऐन पुराचा हंगाम. आपला पाऊस परततो तेव्हा त्यांच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सगळ्यात ओले महिने. थू बोन नदी गावाला अगदी खेटून आहे, ती चढली की पहिला बाख दांग रस्ता पाण्याखाली जातो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तर जुनं गाव पार बुडालं होतं, तेव्हाच्या बातम्या बघा.

मोरे काका, बी-१०२: पाऊस काय आपल्याला नवा आहे का? पावसात हिंडायला मजा येते.

शुभांगी, बी-६०४: मोरे काका, पावसाबद्दल नाही बोलत, पाण्याबद्दल बोलतेय. तान की नावाचं व्यापाऱ्याचं जुनं घर आहे तिथे. त्याच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं त्याच्या खुणा केल्यात, काही माझ्या डोक्याच्याही वर. तिथल्या जुन्या घरांत माळ्याला एक झडप असते. पूर आला की त्यातून माल दोरीने वर ओढून घ्यायचा. गावाला सवय आहे, आपल्याला नाही. आणि पॅकेजचे पैसे पुरासाठी परत मिळत नाहीत, अटींमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. पान ७.

कुलकर्णी काका, बी-५०३: वाचलं. खरंच आहे. मग दिवाळीत रेट एवढे कमी का, ते आत्ता कळलं.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे. (हा मेसेज सगळ्या विंगच्या ग्रुपवर टाकत आहे, गैरसमज नसावा.)

नेहा, बी-२०४: मग कधी जायचं? फेब्रुवारी?

शुभांगी, बी-६०४: फेब्रुवारी-मार्चची हवा उत्तम. पण तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येतं. त्या आठवड्यात अर्धी दुकानं बंद आणि उघडी असतील त्यांचे भाव चढे. मार्चमध्ये आपल्याकडे परीक्षा. मेमध्ये आपलं विमान महाग. त्यामुळे माझं मत एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा. ऊन असतं, घाम येतो, पण आपण कुठे महाबळेश्वरहून निघणार आहोत? फक्त ३० एप्रिल आणि १ मेच्या आत परतायचं. ते त्यांचे लागून येणारे सुट्टीचे दिवस, दा नांगला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

जोशी काकू, बी-३०१: आकाशकंदिलांची ती रात्र असते ना पौर्णिमेला? ती साधता येईल का? माझ्या भाचीचे फोटो बघितले मी.

शुभांगी, बी-६०४: काकू, चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री असते, म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या मागे-पुढे. त्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवतात. पण कंदील रोजच लागतात आणि होड्याही रोजच चालतात. मुद्दाम त्या दिवशी गेलो तर गर्दी जास्त आणि खोल्या महाग. तारखेत बसली तर बघू, तिच्यासाठी तिकीट बदलायचं नाही.

कुलकर्णी काका, बी-५०३: बरं, तारीख एप्रिल धरू. आता ८९ चं बोला.

शुभांगी, बी-६०४: बोलते. आधी एक सोपं गणित लक्षात ठेवा: १ लाख डोंग (तिथलं चलन) म्हणजे साधारण ३५० रुपये. खरा भाव थोडा वर-खाली होतो, पण बजेटला चढा धरलेला बरा. आता माणशी, दोघांत एक खोली धरून:

विमान, मुंबईहून हनोई किंवा हो चि मिन्ह सिटी आणि पुढे दा नांग, जाऊन-येऊन ३२,०००.
व्हिसा २,३००.
खोली नाश्त्यासह २,८०० धरली तर माणशी १,४००, सहा रात्रींचे ८,४००.
जेवणखाण रोजचे १,००० प्रमाणे ७,०००.
गाड्या ४,०००.
तिकिटं, होडी वगैरे ५,०००.
विमा आणि सिम १,६००.

बेरीज ६०,३००. वर सहा हजार अडीअडचणीला. म्हणजे ६६ च्या आसपास. आणि निम्म्याहून जास्त पैसे विमान आणि व्हिसातच गेले हे बघा. गाव स्वस्त आहे, गावापर्यंत पोचणं महाग आहे. म्हणून घासाघीस करायची तर विमानाच्या तिकिटावर करू, बान मीच्या गाडीवर नको.

मोरे काका, बी-१०२: बान मी म्हणजे?

नेहा, बी-२०४: त्यांचा वडापाव समजा काका. कडक पाव, आत भाज्या, अंडं किंवा मांस. शंभर-सव्वाशे रुपये.

कुलकर्णी काका, बी-५०३: शुभांगी, पण एजंट म्हणजे कुणीतरी जबाबदार असतं. पंचवीस हजार त्याचेच समज. आमच्या वयाला ते महत्त्वाचं.

शुभांगी, बी-६०४: मान्य आहे काका, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. पण त्याच्या कार्यक्रमात होई आनला फक्त एक रात्र आहे, तेही संध्याकाळी पोचून. बाकी पाच रात्री दा नांगच्या मोठ्या हॉटेलात. दोन्ही गावांत ३० किलोमीटर अंतर. म्हणजे ज्या गावासाठी चाललोय तिथे आपण कंदिलाचा एक फोटो काढून परत. उलट करू: चार रात्री होई आन, दोन दा नांग. (जुलै २०२५ पासून होई आन प्रशासनाच्या दृष्टीने दा नांग शहरातच गेलंय. हॉटेलच्या पत्त्यात दा नांग दिसलं तर घाबरू नका, नकाशा उघडून बघा.)

शुभांगी, बी-६०४: आणि खोली ऐन जुन्या गावात नको. फक्त पायी फिरण्याच्या ठरलेल्या वेळेत तिथे गाड्या सोडत नाहीत, बॅगा ओढत जावं लागेल. काम चाऊच्या बाजूला भातशेतीत छान होमस्टे आहेत, सायकली फुकट देतात. जोशी काकू, तुमच्या गुडघ्यांसाठी तळमजला मागून घेऊ.

जोशी काकू, बी-३०१: सायकल नको गं बाई.

देसाई भाऊ, बी-४०१: बा ना हिल्स यात आहे ना? तो हातांवर धरलेला सोनेरी पूल? मुलगा त्यासाठीच येतोय.

शुभांगी, बी-६०४: भाऊ, आहे, पण ऐच्छिक. तिकीट माणशी नऊ लाख डोंगच्या पुढे, म्हणजे तीन हजारांहून जास्त. माझ्या पाच हजारांतले सगळ्यात मोठे तेच. पूल २०१८ चा आहे, जुनं काही नाही त्यात, फ्रेंच गावाची नक्कल आणि रोपवे. मुलांना आवडेल. ज्यांना नको त्यांनी त्या दिवशी 'मी सोन' नावाच्या ठिकाणी चलावं. तिथलं तिकीट दीड लाख, म्हणजे सव्वापाचशे रुपये.

देसाई भाऊ, बी-४०१: तिथे काय?

शुभांगी, बी-६०४: चंपा राज्याची शिवमंदिरं. चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेले. भद्रवर्मन राजाने पहिलं बांधलं, देवाचं नाव भद्रेश्वर. संस्कृत शिलालेख आहेत. लाल विटांचे बुरूज, आणि विटा कशाने जोडल्यात ते अजून नीट उलगडलेलं नाही, भेगेत बोट घालायला फट सापडत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठा बुरूज गेला. आता आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजीचं काम केलंय. २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं.

जोशी काकू, बी-३०१: मी मंदिराला. पूल भाऊंनी बघावा.

मोरे काका, बी-१०२: *फॉरवर्ड केलेला मेसेज* व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते छत्रपती शिवरायांचा गनिमी कावा वाचून! तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं! प्रत्येक मराठी माणसाने शेअर करा!

नेहा, बी-२०४: काका, याला कुठलाही पुरावा नाही. हाच मेसेज महाराणा प्रतापांच्या नावानेही फिरतो. महाराजांचं मोठेपण अशा फॉरवर्डवर अवलंबून नाही.

मोरे काका, बी-१०२: बरं. मला आला तसा टाकला.

कुलकर्णी काका, बी-५०३: विषयावर या. जोशी, देसाई, आम्ही दोघे, तीन घरं शाकाहारी. रोजच्या हजारात जमेल?

शुभांगी, बी-६०४: जमेल. 'आन चाय' म्हटलं की शाकाहारी कळतं, तसे बोर्डही असतात. बरेच बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला मांस सोडतात, त्यामुळे शाकाहार त्यांना नवा नाही. माशाच्या सॉसबद्दल मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारायचं, ते मीठ घातल्यासारखं सगळ्यात पडतं. काव लाऊ या तिथल्या प्रसिद्ध जाड नूडल्समध्ये डुकराचं मांस असतं, त्याचा शाकाहारी (चाय) प्रकार मिळतो. रोज इंडियन रेस्टॉरंट धरलं तर मात्र हजार पुरणार नाहीत, तिथे आपली डाळ परदेशी म्हणून विकली जाते. मेतकूट, चटणी आणि उपम्याची पाकिटं न्या, सकाळ भागते.

देसाई वहिनी, बी-४०१: शुभांगीताई, कपडे शिवून मिळतात म्हणे एका दिवसात?

शुभांगी, बी-६०४: वहिनी, बजेट इथेच फुटतं! गावात गल्लोगल्ली शिंपी. संध्याकाळी माप, दुसऱ्या दिवशी ट्रायल, तिसऱ्या दिवशी हातात. साधा ड्रेस परवडतो. पण चांगल्या कापडाचा सूट दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात जातो, आणि एकाचं बघून दुसरा शिवतो. माझ्या ६६ मध्ये यातला एक पैसा धरलेला नाही. ज्याला शिवायचंय त्याने घरी आकडा ठरवून, वेगळ्या पाकिटात घालून न्यावा. पहिल्याच दिवशी माप द्या म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. आणि येताना बॅगेचं वजन! स्वस्त विमानात जादा किलोचे पैसे शिंप्याच्या बिलाला लाजवतील.

देसाई भाऊ, बी-४०१: ताई, हे जरा ठळक अक्षरात लिहा.

नेहा, बी-२०४: 😂😂

कुलकर्णी काका, बी-५०३: गावात शिरायचं तिकीट आहे ना? आणि होडी?

शुभांगी, बी-६०४: परदेशी माणसाला १,२०,००० डोंग, म्हणजे ४२० रुपये. त्या तिकिटावर जुनी घरं, चिनी सभागृहं यातली काही आतून बघता येतात. जपून ठेवायचं, एकदाच दाखवून फेकायचं नाही. कंदिलाच्या होडीचा दर ठरलेला आहे, तिघांपर्यंत दीड लाख, चार-पाच जणांना दोन लाख, अख्ख्या होडीचे. घाटावर बायका याहून जास्त सांगतात, हसून बोर्डाकडे बोट दाखवायचं. आठ जण धरले तर दोन होड्या, चार लाख, माणशी पावणेदोनशे रुपये.

शुभांगी, बी-६०४: गाडीचंही तेच. आठ जण सात सीटरमध्ये बसत नाहीत, दोन टॅक्स्या होतात. तिकडे १६ सीटर व्हॅन सहज मिळते, बॅगांसकट. विमानतळ आणि मी सोन दोन्हीला तीच सांगू.

मोरे काका, बी-१०२: पैसे डॉलर न्यायचे की कार्ड?

नेहा, बी-२०४: दोन्ही काका. बँकेत होते म्हणून सांगते: साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लागतात, फॉरेक्स कार्ड बघा. एटीएममधून थोडे थोडे काढले तर दर वेळी शुल्क. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा तिथे बदलल्या तर भाव बरा मिळतो, दुमडलेल्या, शाई लागलेल्या घेत नाहीत.

शुभांगी, बी-६०४: आणि नोटा देताना थांबा. वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळीच. एक ७० रुपयांची, दुसरी १,७५० ची. संध्याकाळी पिवळ्या उजेडात सगळं सारखं दिसतं. वीस हजारावर होई आनचाच जपानी पूल छापलाय, छपराचा. तो दिसला तर द्या. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात.

कुलकर्णी काका, बी-५०३: हे मात्र उपयोगी सांगितलंस. मी टोकन थांबवतो. एजंटला एप्रिलची, होई आन चार रात्रींची, फक्त विमान आणि खोलीची किंमत मागतो. ४५ च्या आत दिली तर त्याच्याकडून, नाहीतर आपलं आपण.

शुभांगी, बी-६०४: पटलं काका. जबाबदार माणूसही मिळेल आणि रात्रीच्या इंडियन बुफेचे पैसेही वाचतील. व्हिसा मात्र त्याला देऊ नका. सरकारी साइटवर एकदा येण्याचे २५ डॉलर. तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन आहे का बघायचं. चूक झाली तर फी परत मिळत नाही, म्हणून नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच.

नेहा, बी-२०४: पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी हवी. सगळ्यांनी आज रात्री तपासा. फोटो ग्रुपवर टाकू नका, मला वैयक्तिक पाठवा.

देसाई भाऊ, बी-४०१: आमचे चौघांचे पाठवले.

जोशी काकू, बी-३०१: माझा ऑगस्टमध्ये संपतोय. नेहा, उद्या ये ग जरा, फॉर्म भरू.

मोरे काका, बी-१०२: _हा मेसेज डिलीट केला गेला आहे_

नेहा, बी-२०४: मोरे काका 🙏 वैयक्तिक म्हटलं होतं.